ताळ्याचा आकडा

गडचिरोली जिल्ह्यातल्या कोणत्याही आठवडी बाजारात दोन तऱ्हेचा माल शेजारी शेजारी मांडलेला दिसतो. एका बाजूला मोहफुले, चारोळी, डिंक, हिरडा असा रानातला माल असतो. तो पायलीने किंवा वजनाने विकला जातो आणि त्यावर काहीही छापलेले नसते. दुसऱ्या बाजूला बिस्किटांचे पुडे, साबण, चहापत्ती असा कारखान्यातला माल असतो. त्याच्या प्रत्येक वेष्टनावर काळ्या उभ्या रेषांची एक चौकट आणि तिच्याखाली तेरा आकडे असतात. हाच बारकोड. बाजारातल्या दुकानदाराला त्याची गरज नसते, कारण किंमत त्याला पाठ असते. वेष्टन मात्र फुकट मिळते आणि गणिताच्या तासाला ते फार उपयोगी पडते. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक रिकामे वेष्टन आणायला सांगावे. पुढचे सारे त्यावर करून पाहता येईल.

आमची पिढी शाळेत असताना मोठा गुणाकार केला की गुरुजी विचारत, ‘ताळा पाहिलास का?’ मग अंकांच्या बेरजा करून, नऊ टाकून, उत्तराचा पडताळा घ्यायचा. मूळ गणित पुन्हा न करता चूक पकडायची ही सोय होती. बारकोडातला तेरावा आकडा नेमके हेच काम करतो. इंग्रजी नावाचे भाषांतर करण्यापेक्षा त्याला आम्ही ताळ्याचा आकडाच म्हणू. पहिले बारा आकडे माहिती सांगतात. तेरावा नवीन काहीच सांगत नाही, तो फक्त आधीच्या बारांवर नजर ठेवतो.

तो कसा काढतात हे आधी पाहू. उदाहरणासाठी आम्ही बारा आकडे रचले आहेत :

८ ९ ० ४ ५ ० ७ ३ १ ९ २ ६

डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरचे आकडे जसेच्या तसे घ्यायचे : ८ + ० + ५ + ७ + १ + २ = २३. सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिला ३ ने गुणायचे : ९ + ४ + ० + ३ + ९ + ६ = ३१, आणि ३१ × ३ = ९३. दोन्ही मिळून २३ + ९३ = ११६ झाले. आता ११६ मध्ये किती मिळवले म्हणजे दहाने पूर्ण भाग जाणारी पुढची संख्या येईल? ४ मिळवले की १२० होतात. म्हणून ताळ्याचा आकडा ४, आणि पूर्ण क्रमांक ८९०४५०७३१९२६४. बेरीज आधीच दहाच्या पटीत आली तर ताळ्याचा आकडा ०. क्रमाने लिहिलेल्या ८९०१२३४५६७८९ या आकड्यांची बेरीज २८ + १०२ = १३० येते, म्हणून त्यांचा तेरावा आकडा शून्यच निघतो. मुलांना हे फार आवडते.

तपासणी याहून सोपी आहे. तेराही आकडे घ्यायचे, डावीकडून १, ३, १, ३ असे गुणक लावायचे आणि बेरजेचे एकं स्थान पाहायचे. तिथे शून्य असेल तर क्रमांक ताळ्याला उतरला.

मुलांच्या वेष्टनांत एखाद्या वेळी आठच आकड्यांचा छोटा बारकोड निघेल, किंवा बाहेरदेशीच्या एखाद्या डब्यावर बारा आकड्यांचा. तिथे डावीकडून मोजले तर नियम उलटा पडल्यासारखा वाटतो. म्हणून आमची शिफारस अशी की नेहमी उजवीकडून मोजावे : ताळ्याच्या आकड्याला १, त्याच्या डावीकडच्याला ३, मग १, मग ३. आकडे कितीही असोत, नियम बदलत नाही.

सुरुवातीचे ८९० म्हणजे ‘माल भारतात तयार झाला’ असे पुष्कळजण समजतात, आणि तसे संदेश अधूनमधून फिरतातही. ते खरे नाही. हा क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ. १९९६ साली स्थापन झालेली आणि आज जीएस१ इंडिया या नावाने ओळखली जाणारी ही संस्था आहे. तिचा सभासद असलेला कारखानदार माल कुठूनही बनवून आणू शकतो.

या रेषांची मूळ कल्पना जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकन तरुणांची. वुडलँडना तारायंत्राचा मोर्स संकेत येत होता. समुद्रकिनाऱ्यावर बसले असता त्यांनी त्यातले ठिपके आणि रेघा बोटांनी वाळूत खाली ओढून लांबवल्या आणि जाड-बारीक रेषा तयार झाल्या. १९५२ मध्ये त्यांना एकस्व मिळाले, पण या रेषा स्वस्तात वाचणारे यंत्र यायला आणखी वीस वर्षे लागली. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय या गावच्या एका दुकानात च्युइंगगमच्या पुड्यावरचा बारकोड वाचून पहिली विक्री झाली. अमेरिकेचा क्रमांक बारा आकड्यांचा होता. युरोपने १९७७ मध्ये त्याला एक आकडा जोडला, आणि आपल्याकडे आला तो हा तेरा आकड्यांचा प्रकार.

रेषा जवळून पाहिल्या तर आणखी एक मौज दिसते. प्रत्येक आकड्याला सात सारख्या रुंदीच्या घरांची जागा असते, आणि तेवढ्यात दोन काळे व दोन पांढरे पट्टे बसवलेले असतात. डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा आकडे, दोन्ही कडांना तीन-तीन घरांच्या खुणा आणि मध्ये पाच घरांची खूण. ३ + ४२ + ५ + ४२ + ३ = ९५ घरे झाली. पण हे तर बाराच आकडे! तेरावा कुठे गेला? सर्वांत डावीकडच्या पहिल्या आकड्याला स्वतःच्या रेषाच नाहीत. डाव्या अर्ध्या भागातला प्रत्येक आकडा दोन प्रकारे काढता येतो. तिथल्या सहा आकड्यांपैकी कोणता कोणत्या प्रकाराने काढला आहे, यावरून यंत्र तो लपलेला आकडा ओळखते.

तीननेच का गुणायचे?

चांगल्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारायलाच हवा. नुसती बेरीज केली असती तर काय बिघडले असते?

समजा नुसती बेरीज केली. एखादा आकडा चुकला तर बेरीज बदलेल आणि चूक कळेल. पण शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर बेरीज तीच राहील. नवाच्या जुन्या ताळ्यातही हाच दोष होता. ५७ च्या जागी ७५ लिहिले तरी ताळा जुळायचा. म्हणून शेजारच्या दोन स्थानांचे गुणक वेगवेगळे असायला हवेत.

मग १ आणि २ का घेऊ नयेत? येथे आपला संबंध फक्त एकं स्थानाशी आहे हे लक्षात घेतले म्हणजे उत्तर मिळते. २ च्या पाढ्यात ० पासून ९ पर्यंतच्या आकड्यांची एकं स्थाने अशी येतात : ०, २, ४, ६, ८, ०, २, ४, ६, ८. म्हणजे ० आणि ५ यांत फरक उरत नाही, तसाच १ आणि ६ यांतही. त्या स्थानावर १ ऐवजी ६ लिहिले गेले तर ताळ्याला पत्ताच लागणार नाही. ३ च्या पाढ्यात ०, ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७ अशी दहाही एकं स्थाने एकेकदाच येतात. म्हणून एक आकडा कसाही चुकला तरी एकं स्थान बदलतेच. एका आकड्याची चूक हा ताळा शंभर टक्के पकडतो. पाढे तपासले तर हा गुण १, ३, ७ आणि ९ या चारच गुणकांत दिसतो. ४, ५, ६, ८ यांत तो नाही.

आता उलटापालट पाहू. आपल्या क्रमांकात सातव्या-आठव्या स्थानांवर ७ आणि ३ आहेत. त्यांचा वाटा ७ + ९ = १६. ते उलटे झाले तर ३ + २१ = २४. फरक ८ चा पडला, एकूण १२० ऐवजी १२८ झाले आणि चूक सापडली. पण पाचव्या-सहाव्या स्थानांवरचे ५ आणि ० उलटे करून पाहा. आधीचा वाटा ५ + ० = ५ होता, नंतरचा ० + १५ = १५. एकूण १२० चे १३० झाले आणि एकं स्थानी पुन्हा शून्यच! चुकीचा क्रमांक ताळ्याला उतरला.

हे का झाले ते बीजगणिताने लगेच कळते. शेजारचे आकडे अ आणि ब असतील तर आधीचा वाटा अ + ३ब आणि उलटल्यावर ब + ३अ. दोहोंतला फरक २(अ − ब). हा फरक दहाच्या पटीत केव्हा येईल? दोन आकड्यांत पाचाचे अंतर असेल तेव्हा. म्हणजे ० आणि ५, १ आणि ६, २ आणि ७, ३ आणि ८, ४ आणि ९ या जोड्या. दोन वेगळ्या आकड्यांच्या क्रमवार ९० जोड्या होतात, त्यांतल्या या १० निसटतात. बाकीच्या ८० पकडल्या जातात.

मग ३ ऐवजी ७ किंवा ९ घेऊन हे भोक बुजवता येईल का? येथेच गणित थोडे निर्दय होते. एका आकड्याच्या सर्व चुका पकडायच्या असतील तर गुणक १, ३, ७, ९ यांतूनच घ्यावे लागतात. हे सारे विषम आहेत. कोणत्याही दोन विषम संख्यांतला फरक सम असतो, आणि समसंख्येला ५ ने गुणले की दहाची पट तयार होते. म्हणून पाचाच्या अंतराच्या जोड्या प्रत्येक वेळी निसटणारच. दहाने भागण्याच्या पद्धतीत कोणतेही गुणक लावले तरी दोन्ही प्रकारच्या सगळ्या चुका एकदम पकडता येत नाहीत. दहावीच्या वर्गात हे फळ्यावर सिद्ध करून दाखवायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

एक आड एक आकड्यांची उलटापालट, म्हणजे ७३१ चे १३७ होणे, या पद्धतीला मुळीच कळत नाही, कारण दोन्ही स्थानांचे गुणक एकच आहेत.

चुका कोण करते, आणि कशा?

यंत्र रेषा वाचताना क्वचितच चुकते. वेष्टन भिजले, चुरगळले, रेषा पुसल्या, की आकडे माणसाला हाताने टाकावे लागतात, आणि चुका येतात त्या तिथे. माणसे आकडे लिहिताना नेमक्या कोणत्या चुका करतात याचा अभ्यास डच गणिती याकोबुस व्हेरहूफ यांनी केला आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना सुमारे ७९ टक्के चुका एकच आकडा बदलण्याच्या आढळल्या. शेजारच्या दोन आकड्यांची उलटापालट सुमारे १० टक्के होती, आणि एक आड एक उलटापालट १ टक्क्याहूनही कमी. बारकोडाचा ताळा पहिल्या प्रकारावर पूर्ण भर देतो, दुसऱ्यावर बराचसा, आणि तिसरा सोडून देतो. हे प्रमाण पाहता दुकानापुरता हा सौदा वाईट नाही.

मराठी माणसाकडे मात्र उलटापालटीचे एक खास कारण आहे. आपण ७३ ला ‘त्र्याहत्तर’ म्हणतो. आधी तीन ऐकू येतात, मग सत्तर. कोणी दोन-दोन आकडे जोडून क्रमांक सांगू लागले आणि लिहिणाऱ्याने ऐकले तसे लिहिले, तर ३७ उतरतात. पहिली-दुसरीच्या शिक्षकांना हे सांगायला नको. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण त्यामागची अडचण खोटी नव्हती. आमच्या भागात तर तिला आणखी एक पदर आहे. सिरोंच्याकडे, तसेच राजुऱ्याच्या काही गावांत तेलुगू बोलली जाते, आणि तेलुगूत ७३ ला ‘डेब्बै मूडु’, म्हणजे ‘सत्तर तीन’ म्हणतात. तिथे दहं आधी, मराठीत एकं आधी. एकाने मराठीत सांगितलेला क्रमांक दुसऱ्याने मनात तेलुगूत वळवून लिहिला, तर आकडे कुठे वळतील याचा नेम नाही. अशा वेळी एकेक आकडा सुटा सांगावा : सात, तीन, एक, नऊ. आणि ताळा असेल तर तो पाहावा.

वाघिणीचा ताळा

चंद्रपूर म्हटले की वाघीण ताडोब्याची आठवते. आम्हाला येथे रेल्वेची वाघीण अभिप्रेत आहे. बल्लारशाहच्या फलाटावर उभे राहिले की कोळशाच्या वाघिणींची रांग समोरून जाते आणि प्रत्येकीच्या अंगावर अकरा आकडे रंगवलेले दिसतात. पहिले दोन वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची ते, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष. नंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक. आणि अकरावा? तो ताळ्याचा आकडा. गंमत अशी की तो काढण्याची रीत अगदी बिस्किटाच्या पुड्यावरचीच आहे : सम स्थानांची बेरीज तिप्पट करा, तीत विषम स्थानांची बेरीज मिळवा आणि दहाच्या पुढच्या पटीपर्यंत जायला किती लागतात ते पाहा.

रचलेले उदाहरण घेऊ : २ २ ० १ १ ७ ४ ० ६ ५. सम स्थानांवर २, १, ७, ०, ५, म्हणजे १५, तिप्पट ४५. विषम स्थानांवर २, ०, १, ४, ६, म्हणजे १३. एकूण ५८, म्हणून ताळ्याचा आकडा २. पूर्ण क्रमांक २२०११७४०६५२. बल्लारशाह, चंद्रपूर, भद्रावती किंवा वडसा स्थानकाजवळच्या शाळांना ही कवायत प्रत्यक्ष करता येईल. मुलांनी आकडे टिपावेत ते मात्र फलाटावर उभे राहूनच, रुळांजवळ जाऊन नव्हे.

रेल्वेला याची गरज का पडते ते उघड आहे. वाघिणीचे आकडे कोळशाच्या धुळीने माखलेले असतात, गाडी मोठी असते आणि टिपणारा कर्मचारी कधी पावसात तर कधी विजेरीच्या उजेडात काम करतो. एक आकडा चुकला तर कागदोपत्री भलतीच वाघीण भलत्या गावाला पोहोचते. संगणकावर क्रमांक घालतानाच चूक कळली तर गाडी अजून स्थानकातच असते.

भोक कसे बुजवतात?

पाचाच्या अंतराची अडचण दोन प्रकारे सोडवता येते. पहिला उपाय पुस्तकांच्या जगाने वापरला. प्रत्येक पुस्तकाला मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक २००६ अखेरपर्यंत दहा आकड्यांचा होता. त्याच्या ताळ्यात डावीकडून १०, ९, ८ … १ असे गुणक लावून बेरजेला ११ ने भाग जातो का ते पाहत. ११ ही मूळ संख्या असल्याने एकही उलटापालट निसटत नसे. अडचण एकच होती. ११ ने भागताना ताळ्याचा ‘आकडा’ कधी कधी १० येतो आणि तो एका घरात मावत नाही. मग तिथे रोमन दहाचे ‘एक्स’ हे अक्षर छापत.

८१७४३४२०५ हे नऊ आकडे घ्या. गुणाकार करून बेरीज २२९ येते, २ मिळवले की २३१, म्हणजे २१ × ११. ताळ्याचा आकडा २. आता शेवटचे ० आणि ५ उलटे करा. बेरीज २३६ होते, ११ ने भाग जात नाही, चूक पकडली. १ जानेवारी २००७ पासून पुस्तकांचा क्रमांकही तेरा आकड्यांचा झाला आणि बारकोडाच्या कुटुंबात गेला. याच पुस्तकाचे नवे बारा आकडे ९७८८१७४३४२०५. बेरीज २६ + ९६ = १२२, म्हणून ताळ्याचा आकडा ८. येथे तेच ० आणि ५ उलटे केले तर बेरीज १० ने कमी होते आणि ताळा निमूटपणे जुळतो! जुन्या क्रमांकाला जी चूक कळत होती ती नव्याला कळत नाही. पुस्तकालाही साबणाच्या शेजारी त्याच यंत्रावर विकले जायचे असेल तर ही किंमत मोजावी लागली. ती मोजायला नको होती असे आम्हाला अजूनही वाटते, पण दुकानदारांचे म्हणणे वेगळे असणार.

दुसरा उपाय व्हेरहूफ यांचा, आणि तो अधिक सुंदर आहे. त्यांनी आकड्यांची बेरीजच सोडून दिली. पुठ्ठ्याचा एक समभुज पंचकोन कापा आणि त्याच्या कोपऱ्यांना घड्याळाच्या दिशेने अ, आ, इ, ई, उ अशी नावे द्या. अ वर असू द्या. हा पंचकोन स्वतःच्याच जागेत पुन्हा बसवण्याच्या दहा रीती आहेत. पाच फिरवण्याच्या (न फिरवणे ही त्यांतलीच एक) आणि पाच उलटा पाडण्याच्या. दहा आकडे, दहा रीती! आता पंचकोन घड्याळाच्या दिशेने एक घर फिरवा आणि मग उभ्या अक्षाभोवती उलटा पाडा. वर उ येतो. मूळ स्थितीपासून आधी उलटा पाडून मग घड्याळाच्या दिशेने एक घर फिरवा. या वेळी वर आ येतो. बेरजेत क्रमाला महत्त्व नसते, येथे आहे. क्रम बदलला की उत्तर बदलते आणि उलटापालट उघडी पडते. याला स्थानागणिक आकड्यांच्या ठरावीक अदलाबदलीची जोड देऊन व्हेरहूफ यांनी अशी पद्धत बसवली की जी दहाच आकडे वापरून एका आकड्याच्या सर्व चुका आणि शेजारच्या सर्व उलटापालटी पकडते.

ही पद्धत प्रत्येकाच्या घरात आहे. आधार क्रमांकाचा बारावा आकडा व्हेरहूफच्या रीतीने काढलेला असतो. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. आमच्या भागाच्या दृष्टीने या आकड्याचा एक गुण फार मोलाचा आहे. तो तपासायला संपर्क लागत नाही. एटापल्ली-भामरागडकडच्या गावांत टॉवर कधी असतो, कधी नसतो. तरीही अर्ज भरून घेणाऱ्या संगणकाला ‘हा क्रमांक चुकीचा टाकला आहे’ हे जागच्या जागी सांगता येते. अन्यथा चूक कळायची ती अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन परत आल्यावर, आणि तोवर महिना गेलेला असतो.

ताळा नसलेले क्रमांक ही खरी काळजीची गोष्ट आहे. मोबाइल क्रमांकात ताळ्याचा आकडा नाही, पिनकोडात नाही, बँकेच्या शाखेच्या अकरा अक्षरी संकेतातही नाही. बँक खात्याच्या क्रमांकाची लांबीसुद्धा बँकेगणिक वेगळी असते, आणि देशभर लागू असा एक ताळा त्याला नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१० मधल्या सूचनेनुसार संगणकावरून पाठवलेले पैसे केवळ खातेक्रमांकावरून जमा केले तरी चालतात, नाव जुळणे आवश्यक नाही. रोजगार हमीची मजुरी किंवा तेंदूपानांचा बोनस खात्यात जमा होणार असेल आणि यादीत एक आकडा चुकला असेल, तर ते पैसे परत येतील किंवा दुसऱ्याच कोणाच्या खात्यात जाऊन बसतील. अर्जात खातेक्रमांक दोनदा भरायला लावतात तो यासाठीच. ताळा नसलेल्या क्रमांकाचा तोच गरिबाघरचा ताळा. पैसे घेणाऱ्याचे नाव पाठवणाऱ्याला आधी दिसावे अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. ते उत्तमच झाले. पण हाताने भरलेल्या दोनशे नावांच्या यादीत खातेक्रमांक दोघांनी मिळून, एकाने वाचून आणि दुसऱ्याने बोट ठेवून तपासणे याला अजून पर्याय नाही. गावात हे काम बहुतेक वेळा शिक्षकाकडेच येते.

ताळ्याचा आकडा काय करत नाही, तेही सांगायला हवे. तो खरेपणाची ग्वाही देत नाही. मनाला येतील ते तेरा आकडे लिहिले तरी दहांत एक वेळ ताळा जुळणारच. एखाद्या बचत गटाने मधाच्या बाटल्या शहरातल्या मोठ्या दुकानात ठेवायचे ठरवले आणि ८९० पुढे मनचे नऊ आकडे लिहून तेरावा बरोबर काढला, तर यंत्र तो क्रमांक बिनतक्रार वाचेल. पण तो आधीच दुसऱ्या कोणाला दिलेला असू शकतो. मग मधाच्या बाटलीवर किंमत केसांच्या तेलाची पडेल. क्रमांक नियुक्त संस्थेकडूनच घ्यावा लागतो. त्याला खर्च येतो, आणि दोन-चार वस्तू विकणाऱ्या गटाने तो करावा की नाही हा हिशेब ज्याचा त्याने मांडावा. आठवडी बाजारात विकायला तो मुळीच लागत नाही.

ताळा चूक दाखवतो, पण कोणता आकडा चुकला ते सांगू शकत नाही. मात्र नेमका कोणता आकडा पुसला गेला आहे हे दिसत असेल, तर तो शोधून देतो. आपल्या पहिल्या क्रमांकातला आठवा आकडा फाटला असे समजा : ८९०४५०७?१९२६४. उरलेल्यांची बेरीज १११ येते. एकं स्थानी शून्य यायला पुसलेल्या आकड्याच्या तिपटीच्या एकं स्थानी ९ हवेत, आणि तीनच्या पाढ्यात ते एकदाच येतात, ३ पाशी. गुणक २ असता तर येथे कधी दोन उत्तरे आली असती, कधी एकही नाही.

वर्गासाठी एक गणित देतो. बल्लारशाहला थांबलेल्या एका वाघिणीचे आकडे धुळीतून असे वाचता येतात : २२०११?४०६५२. वाचता येणाऱ्या आकड्यांची गुणक लावून केलेली बेरीज ३९ आहे. पुसलेला आकडा कोणता, आणि वाघीण कोणत्या वर्षी बांधलेली असावी? मुलांनी उत्तर काढल्यावर त्यांना वेष्टनावरचा किंवा वाघिणीवरचा एकेक आकडा झाकून शेजाऱ्याला द्यायला सांगावे.